घाट उघडा आहे का, ते आधी बघा

ओळखीतलं एक कुटुंब मे महिन्यात स्वित्झर्लंडला गेलं. विमानाची तिकिटं जानेवारीतच काढलेली. गाडीही ठरवलेली. फुर्का घाटातल्या कुठल्या वळणावर फोटो काढायचा, तेसुद्धा मुलांनी ठरवून ठेवलं होतं. घाटाच्या पायथ्याशी पोचले, तर रस्त्यावर आडवा दांडा. वर बर्फ अजून तसाच. दांड्यापाशी उभं राहून फोटो काढला आणि गाडी वळवली.

त्यांनी सगळं विचारलं होतं. शाकाहारी जेवण मिळेल का, हॉटेलात किटली असेल का, थंडी किती असेल. एकच विचारायचं राहिलं. घाट उघडा असेल का?

युरोपात आल्प्सच्या घाटांतून स्वतः गाडी चालवायची, असं हल्ली बऱ्याच घरांत ठरतं. चांगलं आहे, जरूर जा. रस्ते उत्तम आहेत आणि आपल्याकडचे घाट चालवलेल्या माणसाला ते जमण्यासारखेही आहेत. फक्त निघण्याआधी घरात एकत्र बसा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

आधी महिना, मग तिकीट

आपल्याकडे घाट पावसाळ्यात दरड कोसळली की बंद होतो. तिथे बर्फामुळे बंद होतो, आणि तोही सहा-सात महिने. उंचावरचे बरेच घाट साधारण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात बंद होतात. ते मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतात. नक्की तारीख त्या वर्षीच्या बर्फावर ठरते.

आता आपल्या सुट्ट्या बघा. उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मे. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे आपण मोकळे असतो, तेव्हा घाट बंद असण्याचीच भीती जास्त. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा हाच काय तो दोन्हींचा मेळ. पण त्या दिवसांतही सगळे घाट उघडतील अशी खात्री धरू नका.

शाळेची अडचण नसेल तर सप्टेंबर धरा. गणपतींचं विसर्जन झालं की निघा. तोवर तिथली गर्दी ओसरलेली असते आणि हवा बऱ्याचदा स्वच्छ मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये घाट उघडे असतात, पण तिथल्या लोकांच्याही सुट्ट्या तेव्हाच. १५ ऑगस्टच्या आसपास तर इटलीत सगळा देश घराबाहेर पडलेला असतो.

मे महिन्यातच जायचं असेल तरी निराश होऊ नका. काही घाट वर्षभर चालू ठेवतात. स्वित्झर्लंडमधले युलिअर, बेर्निना, मालोया आणि सिम्प्लॉन हे असे घाट आहेत. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांतले बरेच घाटही हिवाळ्यात उघडे असतात. फार बर्फ पडला तर तेवढ्यापुरते बंद होतात. ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनरचा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो. मे महिन्यात यांच्यावरच आखणी करा. फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन आणि स्टेल्व्हिओ पुढच्या खेपेला ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा घाटाची स्थिती बघा. पायथ्याशी पाटी असते. तिच्यावरचे शब्द आत्ताच वहीत लिहून घ्या. जर्मनमध्ये ‘ऑफेन’ म्हणजे उघडा, ‘गेश्लोसेन’ म्हणजे बंद. इटालियनमध्ये ‘अपेर्तो’ उघडा, ‘किऊझो’ बंद. फ्रेंचमध्ये ‘उव्हेर’ उघडा, ‘फेर्मे’ बंद.

जुलैतही वर बर्फ पडू शकतो. त्या दिवशी हट्ट करू नका. खालून दुसरा रस्ता असतोच. फुर्का घाटाच्या खालून तर गाडी आगगाडीवर चढवून बोगद्यातून पलीकडे नेता येते. रेआल्पला गाडी चढते, ओबरवाल्डला उतरते. मुलांना घाटापेक्षा त्याचीच मजा जास्त वाटेल.

नकाशावर कमी गावं मांडा

आपली सवय अशी, की एवढे पैसे खर्च करून जातोय तर सहा देश बघून येऊ. घाटात ही सवय महागात पडते.

घाटात गाडी तासाला तीस-चाळीस किलोमीटरच्या वर सरासरी देत नाही. त्यात तुम्ही थांबणार, फोटो काढणार, कुणाला गाडी लागणार. म्हणून दिवसाला दीडशे किलोमीटर पुष्कळ झाले. एका जागी तीन रात्री राहा. सामान खोलीत ठेवा आणि रिकाम्या गाडीनं घाट फिरून संध्याकाळी परत या. तीनपैकी एक दिवस मोकळा ठेवा. पाऊस आला, घाट बंद झाला, कुणाचं पोट बिघडलं, तर तोच दिवस कामाला येतो.

एक नमुना देतो. तुमच्या सोयीनं बदलून घ्या.

पहिली रात्र झुरिचला. मग अँडरमॅटला तीन रात्री. इथून फुर्का, ग्रिम्झेल आणि सुस्टेन हे तीन घाट एका दिवसात फिरून परत येता येतं. फेरी साधारण १२० किलोमीटरची. ऐकायला थोडी वाटते, पण पूर्ण दिवस लागतो. फुर्का २,४२९ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही जवळजवळ आठशे मीटर वर तुम्ही गाडीनं जाता.

मग ओबराल्प, युलिअर आणि ओफेन घाटांवरून इटलीतल्या प्राटो गावाकडे जा. हा लांबचा दिवस आहे, सकाळी लवकर निघा. प्राटोच्या परिसरात तीन रात्री राहा. इथून स्टेल्व्हिओ चढायचा. उंची २,७५७ मीटर. प्राटोच्या बाजूनं ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबर लिहिलेला आहे. मुलांना मोजायला सांगा. हा रस्ता कार्लो दोनेगानी या इंजिनिअरनं १८२० ते १८२५ या काळात बांधला. आपल्या बोरघाटातला गाडीरस्ता १८३० सालचा. उतरताना त्याच वाटेनं न येता उंब्राइल घाटावरून स्वित्झर्लंडमध्ये उतरा आणि फिरून मुक्कामी या.

पुढच्या तीन रात्री डोलोमाइटमध्ये. सेला डोंगराभोवती सेला, पोर्दोई, काम्पोलोंगो आणि गार्देना अशा चार घाटांची प्रदक्षिणा होते. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. वर गुलाबी-राखाडी कडे, खाली हिरवी कुरणं.

परतताना रेशेन घाटावरून ऑस्ट्रियात लँडेकला या. वाटेत एका तलावातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसेल. १९५० मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची तेवढी एक खूण उरली आहे. उजनीचं पाणी ओसरल्यावर वर येणारं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय, ते तिथे थोडा वेळ गप्प उभे राहतील. लँडेकला एक रात्र, मग झुरिचला शेवटची रात्र.

झाल्या बारा रात्री. जिथून गाडी घेतली तिथेच परत दिली. हे मुद्दाम सांगतो. एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर त्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते बरेच असतात.

कागद एका पिशवीत

व्हिसा शेंगेनचा लागतो. त्यात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली तिन्ही येतात. अर्ज कुणाकडे करायचा? ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे. वरच्या नमुन्यात स्वित्झर्लंडच्या पाच रात्री आहेत, इटलीच्या सहा. म्हणजे विमान झुरिचला उतरत असलं तरी अर्ज इटलीकडे. इथे पुष्कळ लोक चुकतात. रात्री मोजा, मग फॉर्म भरा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका. उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशाच खोल्या घ्या.

गाडी चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो आपल्याच आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. तिथे गेल्यावर काढता येत नाही. तो एकटा चालत नाही, सोबत मूळ लायसन्स लागतंच. घरातले दोघं चालवणार असतील तर दोघांनीही काढा.

गाडी ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. अनामत म्हणून त्यावर बरीच रक्कम अडकवून ठेवतात. गाडी बापाच्या नावावर आणि कार्ड मुलाचं, असं चालत नाही. काउंटरवर उभं राहून वाद घालण्यापेक्षा घरीच बघून घ्या. कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का, तेही बँकेत विचारा.

मोबाइलच्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड आहे का, हे वेगळं तपासा. तो देश युरोपीय संघात नाही. ‘युरोप पॅक’ म्हणून घेतलेलं कार्ड तिथे चालेलच असं नाही. आणि नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या. घाटात रेंज जाते.

गाडी घेताना घाई नको

विमानातून उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका. रात्रभर झोप नाही, रस्ता अनोळखी, स्टिअरिंग उलट्या बाजूला. पहिल्या दिवशी ट्रेननं हॉटेलात जा. जेवा, झोपा. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

ऑटोमॅटिक गाडी घ्या. थोडी महाग पडेल. पण उजव्या हातानं गिअर टाकायचा, डावीकडे बसायचं आणि वळणंही मोजायची, एवढं एकदम नको. ऑटोमॅटिक कमी असतात, म्हणून लवकर सांगून ठेवा.

फार मोठी गाडी घेऊ नका. काही घाटांत दोन गाड्या जेमतेम जातात. उलट चार माणसं, चार मोठ्या बॅगा आणि लहानशी गाडी, असंही करू नका. माणशी एक मध्यम बॅग, एवढाच नियम ठेवा.

कुठल्या कुठल्या देशांत जाणार, हे गाडी घेतानाच सांगा आणि लिहून घ्या. विमा नीट वाचा. टायर, काच आणि गाडीचा तळ पुष्कळदा विम्यात नसतो. नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, ते विचारा. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. जुना ओरखडा दिसला तर कागदावर नोंदवून घ्या. लाजू नका.

डिकीत लाल त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट आहे ना, बघा. जॅकेट हाताशी ठेवा, बॅगांखाली नको. मुलांसाठी सीट आधीच सांगा. स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ती लागतेच. मांडीवर घेऊन बसणं तिथे चालत नाही.

पेट्रोल की डिझेल?

गंमत वाटेल, पण चुकीचं इंधन भरल्यानं सहल संपलेली माणसं आहेत. पंपावर स्वतःच भरायचं असतं. इटलीत डिझेलला ‘गाझोलिओ’ म्हणतात. ‘गॅस’सारखं ऐकू येतं आणि माणूस फसतो. पेट्रोलला ‘बेन्झिना’ म्हणतात.

सोपी खूण लक्षात ठेवा. नळीवरचं चिन्ह बघा. गोल असेल तर पेट्रोल, चौकोन असेल तर डिझेल. तेच चिन्ह टाकीच्या झाकणाच्या आतही असतं. दोन्ही जुळवा, मगच भरा.

अर्धी टाकी झाली की भरून घ्या. घाटात वर पंप मिळेलच असं नाही.

टोल आणि दंड

स्वित्झर्लंडच्या मोठ्या रस्त्यांसाठी वर्षाचं एकच स्टिकर असतं. किंमत ४० फ्रँक. आठवड्यापुरतं वेगळं मिळत नाही. तिथेच गाडी घेतली तर ते बहुधा लावलेलं असतं. काचेवर दिसलं नाही तर विचारा. ऑस्ट्रियासाठी वेगळं घ्यावं लागतं, ते थोड्या दिवसांचंही मिळतं. ब्रेनरचा मोठा रस्ता आणि आर्लबर्गचा बोगदा यांचा टोल त्याशिवाय. इटलीत मोठ्या रस्त्यावर आपल्यासारखेच टोलनाके आहेत.

ग्रोसग्लॉकनरला जाणार असाल तर त्याचा टोल आणखी वेगळा आहे. १९३५ मध्ये सुरू झालेला हा ४८ किलोमीटरचा रस्ता खास डोंगर बघण्यासाठीच आहे. रात्री तो बंद असतो. एका दिवसाचा टोल चाळीस युरोंच्या वर जातो. सकाळी लवकर जा आणि पूर्ण दिवस द्या. दोन तासांसाठी गेलात तर पैसे वाया.

दंडाचं काय, तर तिथे कुणी रस्त्यात अडवत नाही. कॅमेरा फोटो काढतो. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी कार्डावरून पैसे कापले जातात आणि गाडी देणारी कंपनी वर स्वतःचा आकार लावते. स्वित्झर्लंडमध्ये गावात ५०, गावाबाहेर ८० आणि मोठ्या रस्त्यावर १२० ची मर्यादा आहे. पाच किलोमीटरनं जास्त झालं तरी दंड बसतो.

इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटीवर लाल गोल आणि ‘झोना त्राफ्फिको लिमितातो’ असं लिहिलेलं असतं. पुढची गाडी आत गेली म्हणून तुम्ही जाऊ नका. ती गाववाल्याची असते. गाडी बाहेर लावा आणि चालत जा.

पार्किंगच्या रेघाही बघा. इटलीत पांढरी रेघ बहुधा फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव.

डावं-उजवं

तिथे उजव्या बाजूनं चालवतात. गाडी चालवणारा डावीकडे बसतो. एवढंच लक्षात ठेवा, की चालवणाऱ्याचा खांदा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडे असायला हवा. तो कडेला आला, म्हणजे चुकलात.

गर्दीत चूक होत नाही. पुढच्या गाडीमागे आपण आपोआप बरोबर जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. सकाळी हॉटेलातून निघताना आणि पेट्रोल भरून बाहेर पडताना. शेजारी बसलेल्यानं प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायचं, ‘उजवीकडे’. चालवणाऱ्यानं चिडायचं नाही. घरातच असं ठरवून घ्या.

गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. मोठ्या रस्त्यावर वाहतूक तुंबली तर मधे रुग्णवाहिकेसाठी वाट सोडायची. डाव्या रांगेनं अगदी डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात हा नियमच आहे.

घाट चढताना, उतरताना

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आपल्यालाही ठाऊक आहे. तिथे तो पाळतात. अरुंद जागी समोरासमोर आलात, तर उतरणाऱ्यानं मागे घ्यायची. मोठ्या गाडीपुढे लहान गाडीनं माघार घ्यायची.

स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पोस्टाची बस घाटातून धावते. आंधळ्या वळणावर ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं, की हा तिचा रस्ता आहे असं समजा. त्या रस्त्यावर तिला आधी जाऊ द्यायचं. बसचालक सांगेल ते करायचं. मागे घ्या म्हणाला, तर मागे घ्यायची. हॉर्न ऐकलात की वळणाच्या अलीकडेच थांबा. बसला वळायला पूर्ण रस्ता लागतो.

वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. वळणाआधी वर नजर टाका, समोरून कोण येतंय ते दिसतं. मधली रेघ कापू नका. वळणापलीकडून मोटरसायकल येते आणि ती वेगात असते. शनिवार-रविवार तर घाट मोटरसायकलवाल्यांचाच असतो. जमलं तर मधले वार धरा.

सायकलवाले खूप असतात. ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवा, गावाबाहेर ऑस्ट्रियात दोन मीटर. जागा नसेल तर मागे थांबा. काही दिवशी सायकलींसाठी घाट गाड्यांना बंद ठेवतात. तारीख आधी बघा.

मागे तीन-चार गाड्या साठल्या, तर मोकळी जागा बघून बाजूला घ्या. तिथल्या माणसाला कामावर जायचं असतं. आपण सुट्टीवर असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला काही जण तसं करतात. इथे जिवाशी खेळ होईल. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. गाडी घेतानाच ती दाखवून घ्या. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

जळका वास आला तर ते ब्रेक आहेत. पुढच्या मोकळ्या जागी थांबा. अर्धा तास गार होऊ द्या. पाणी ओतू नका.

सकाळी लवकर निघा. नऊच्या आत घाटात असाल तर रस्ता तुमचा. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट आणि पाऊस येतो. तोवर खाली आलेले बरे.

पोट, पाणी, औषध

घरच्या माऊलीला एक वाईट बातमी. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नको, पेढे-बर्फी नको. आंबेही नकोत, ताज्या फळांना वेगळा दाखला लागतो. थालीपिठाची भाजणी, चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी न्या.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मुगाची खिचडी झाली, की सगळ्यांचे चेहरे बदलतात. पण किराणा शनिवारीच भरा. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दूध, भाजी, ब्रेड, सगळं.

गावातल्या हौदाचं पाणी बहुधा पिण्याजोगं असतं. मात्र पाटी बघा. ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल, तर ते पिऊ नका.

गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा. पोट रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. आलेपाक, आवळासुपारी, लिंबू हाताशी ठेवा. वळणात मोबाइल बघू देऊ नका. उलटीसाठी पिशव्या घ्या.

घरात कुणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर अडीच हजार मीटरच्या वर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर गेल्यावर पळापळ नको. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसह. जुलै असला तरी प्रत्येकाला एक गरम कपडा हवा. खाली घाम येत असतो आणि वर दात वाजतात.

काही बिघडलं तर

गाडी बाजूला घ्या. चारही दिवे लुकलुकते ठेवा. आधी जॅकेट घाला, मग दार उघडा. मागे त्रिकोण लावा. माणसांना कठड्यापलीकडे सुरक्षित उभं करा.

मदतीचा नंबर ११२. या सगळ्या देशांत तोच. मोबाइलमध्ये आत्ताच लिहून ठेवा, आजी-आजोबांच्याही.

गाडीला गाडी घासली तर भांडू नका. दोघांनी भरायचा छापील फॉर्म गाडीत असतो. फोटो काढा आणि गाडी देणाऱ्यांना फोन करा. जे समजत नाही, त्यावर सही करू नका.

चालवणाऱ्यालाही सहल हवी

एक गोष्ट सगळेच विसरतात. घाटात सगळ्यात कमी डोंगर बघतो तो गाडी चालवणारा. बाकीचे ‘वा, वा’ म्हणत असतात. त्याची नजर रस्त्यावर असते, आणि असायलाच हवी. त्याला ‘ते बघ’ म्हणू नका. बघण्यासारखं दिसलं, की थांबायला जागा शोधा. वर अशा जागा ठिकठिकाणी केलेल्या आहेत. थांबा, उतरा, त्याला आधी बघू द्या.

आणि तो मोकळा ठेवलेला एक दिवस आठवतो ना? पाऊस आला नाही, कुणी आजारी पडलं नाही, तर त्या दिवशी गाडीची किल्ली खोलीतच ठेवा. ज्या पिवळ्या बसला काल वाट दिली, तिचंच तिकीट काढा. उन्हाळ्यात ती घाटांवरून जाते. चालवणाऱ्याला खिडकीजवळ बसवा.

वळण आलं, तीन सुरांचा तो हॉर्न वाजला, की समोरची एखादी लहान गाडी मागे सरकेल. आज ती तुमची नसेल.